राई विकून कौलं घालू का?

या वेळचं पत्र, थोडं छाटून:

"ताई, मी ठाण्याला नोकरी करून रिटायर झाले आणि दीड वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यातल्या माहेरच्या घरी येऊन राहिले. घर सव्वाशे वर्षांचं, जांभ्याचं, मोठं. एकूण ३१ एकर. घराभोवती तीनेक एकर माड-पोफळीचं आगर, नऊ एकर हापूसची कलमं, बारा एकर कातळ सडा, म्हणजे उघड्या खडकाचा माळ, आणि सात एकर जुनी राई, मोठ्या झाडांची दाट, ती पार खाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाते. सातबाऱ्यावर १७ नावं, त्यातली पाच माणसं आता हयात नाहीत. कलमं सात वर्षं करारावर दिलेली आहेत. मागच्या पावसात माजघरात सात ठिकाणी गळलं. एक लाकूडवाला राईचे रोख पैसे द्यायला तयार आहे, तेवढ्यात सगळं छप्पर होतं. चुलत भाऊ म्हणतो सड्यावर सुरुंग लावून अजून कलमं लावू. भाचा इंग्लंडला असतो, तो तिकडची एक जुनी इस्टेट बघून आला आणि म्हणतोय काहीच करू नका, सगळं रानाला सोडून द्या. गावातले लोकही पूर्वीसारखे हाकेला येत नाहीत. मी काय करू? – एक माहेरवाशीण"

तुम्ही मला ताई लिहिलंय पण रिटायर झालात म्हणजे वयाने मोठ्या तुम्हीच, तेव्हा ताई तुम्ही. उत्तर आधी देऊन टाकते आणि मग बाकीचं बोलू. राई विकायची नाही. छप्पर होईल, त्याला दुसरे रस्ते आहेत, जरा लांबचे आहेत पण आहेत. आणि तसंही ती राई तुम्हाला एकटीला विकता येणारच नाही, १७ नावं असताना एका सहीवर तोड केली की उद्या त्यातला कुणीही उठून कोर्टात जाऊ शकतो, तोपर्यंत लाकूडवाला ट्रक भरून गेलेला असतो आणि कागद घेऊन आलेला माणूस तुमच्या ओटीवर बसलेला असतो. शिवाय आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, हिरडा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. तो म्हणाला असेल ‘परमिशनचं आम्ही बघतो’. सगळे तेच म्हणतात. (त्याने सांगितलेला आकडा मी पत्रातून मुद्दाम काढलाय, नाहीतर शेजारच्या गावात तोच भाव फुटायचा.)

आता भाच्याचं घेऊ, कारण मला वाटतं त्याने जे बघितलं ते बरोबर बघितलं पण त्यातून काढलं ते अर्धवट. तो बहुतेक नेपला जाऊन आलाय. लंडनच्या दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये नेप कॅसल म्हणून इस्टेट आहे, साडेतीन हजार एकर, आणि चार्ली बरेल यांना ती १९८७ साली आजी-आजोबांकडून मिळाली, तेव्हा ते विशीत होते. त्यांनी दुभत्या गाई, धान्य, मोठी मशिनरी सगळं करून बघितलं पण जमीन घट्ट चिकणमातीची, हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड, शेतीने घर चालेना. शेवटी २००० साली गाई आणि मशिनरी विकून टाकली, आणि पुढे हळूहळू आतली कुंपणं काढून लाँगहॉर्न गाई, एक्समूरची घोडी, टॅमवर्थ डुकरं आणि हरणं मोकळी सोडली. आज तिथे नाइटिंगेल गातात, पर्पल एम्परर फुलपाखरं भरपूर दिसतात, आणि २०२० साली पांढऱ्या करकोच्यांनी तिथे पिल्लं काढली, ब्रिटनमध्ये कित्येक शतकांनी पहिल्यांदा. गोष्ट खरीच भारी आहे.

पण ‘काहीच करू नका’ हे त्यातलं नाही हो. तिथे लांडगे नाहीत म्हणून जनावरांची संख्या माणसंच कमी करतात आणि ते मांस विकलं जातं, कॅम्पिंग आहे, गाडीतून रान दाखवायची सफारी आहे, शेतीच्या जुन्या इमारती भाड्याने दिल्यात. म्हणजे रान सोडलं पण हिशोब सोडला नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट भाच्याच्या डोळ्यासमोर असूनही त्याला दिसली नसेल, ती म्हणजे तिथे ठरवणारा माणूस एक होता. इंग्लंडातल्या असल्या घराण्यांमध्ये इस्टेट बहुतेक एकाच वारसाकडे अख्खी जायची, बाकीच्या भावंडांच्या वाट्याला फारसं काही यायचं नाही, अन्यायच तो, पण जमीन एकसंध राहिली. आपल्याकडे सगळ्यांना वाटा, आणि ते योग्यच आहे, फक्त त्याचा परिणाम असा की बरेल साहेबांना जे एका टेबलावर बसून ठरवता आलं त्याला तुम्हाला १७ सह्या लागणार. तुमचा प्रॉब्लेम शेतीचा नाही आणि निसर्गाचाही नाही, कागदाचा आहे. तो कागद झाल्याशिवाय तुम्ही छपराला लावलेला प्रत्येक रुपया दुसऱ्यांच्या मालकीच्या घराला लावलेला रुपया आहे, मग उद्या कुणी म्हणायला मोकळा की तुला कुणी सांगितलं होतं.

तर पहिलं काम, जी पाच माणसं गेली त्यांच्या वारसनोंदी. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज द्या, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत नाही आली तर फेरफार पुढे सरकतो. कंटाळवाणं काम आहे, तीन चकरांचं काम दहा चकरांत होतं, पण यात वकील वगैरे लागत नाही. तेव्हाच सगळ्या गट नंबरांचे जुने फेरफारही काढून घ्या आणि ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. राईच्या गटावर कुठे खाजगी वनाची नोंद आहे का बघा, १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याच्या नोंदी कोकणात कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर झोपून राहिल्यात आणि विकायला गेलं की जाग्या होतात.

आणि हे करताना कुणीतरी नक्की म्हणणार की बहिणींनी हक्कसोड करून द्या म्हणजे नावं कमी होतील, सोपं होईल. तुम्हालाही म्हणतील, साडीचोळी करू म्हणतील. करू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलंय. दीड वर्षं तिथे राहून कंदील लावणारी बाई तुम्ही, आणि सही करून पाहुणी व्हायचं? नाव राहू दे, त्या नावाच्या जोरावरच तुम्ही बाकीच्यांना टेबलावर बसवणार आहात.

टेबलावर काय मांडायचं ते सांगते. सगळं वाटायचं नाही आणि सगळं सामाईकही ठेवायचं नाही. कलमांचे नऊ एकर वाटता येतात, ज्याला आपला तुकडा हवा त्याला द्या, संमतीने असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होतं. पण घर, विहीर, राई आणि सडा यांचे तुकडे पाडायचे नाहीत. अर्धी राई म्हणजे राई नव्हे, लाकडाचा ढीग. या चार गोष्टींसाठी एक कुटुंब करार करून तो रजिस्टर करा किंवा खाजगी ट्रस्ट करा, १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखाली करता येतो, यासाठी मात्र चांगला वकील गाठा, राजापूरचा किंवा रत्नागिरीचा, जमिनीची कामं करणारा, मुंबईचा कंपन्यांवाला नको. त्यात एवढं लिहून घ्या की रोजचे निर्णय कोण घेणार, वर्षाला किती वर्गणी, कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा आधी घरातल्यांनीच घ्यायचा, आणि राईत कुऱ्हाड लावायला सगळ्यांच्या सह्या. मे महिन्यात सगळे आंबे खायला येतात ना, तेव्हा बसवा. आमरसानंतर नाही, आधी. नंतर सगळे झोपतात.

आता छप्पर. तुम्ही लिहिलंय सात ठिकाणी गळतं आणि ‘सगळं छप्पर’ करायचंय, हे सगळं कुणी ठरवलं? गवंड्याने ठरवलं असणार. मे महिन्यात भर दुपारी बाराला माळ्यावर चढा, खालची दारं-खिडक्या बंद करायला सांगा आणि पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की कौलांतून कवडसे दिसायला लागतात, एकेक कवडसा खाली लाकडावर किंवा तक्तपोशीवर जिथे पडतो तिथे खडूने गोल करा. (मी पहिल्यांदा केलं तेव्हा मोजता मोजता ४३ वर गेले आणि माझी भाची खालून ओरडत होती की मावशी वर भूत झालीये.) मग ते गोल कुठे जास्त आहेत बघा. दहातल्या आठ घरांत ते दोन उतार मिळतात त्या पन्हळीजवळ आणि आढ्याच्या कौलांखाली असतात, म्हणजे अख्खं छप्पर नाही तर दोन पट्टे. नंतर हातोडीचा दांडा घेऊन तुळया आणि वासे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत वाळवीने भुसा केलाय, भिंतीवरून मातीची नळी वर गेलेली दिसेलच. भद्द आवाजाचे वासे बदलायचे, बाकीच्यांना हात नको, सव्वाशे वर्षांपूर्वीचा ऐन-किंजळ आता बाजारात मिळणार नाही.

यंदा पन्हळ, आढं आणि पश्चिमेचा उतार करा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा तिकडूनच. कौलं उतरवताना जुनी चांगली एका बाजूला रचा, ती सगळी पुढच्या दर्शनी उताराला वापरा, आणि नवीन विकत आणाल ती मागीलदाराला. पुढच्या वर्षी उरलेला भाग. आणि दर वर्षी मे अखेरीला शाकारणी, ती चुकवायची नाही, आजोबांच्या काळात घर टिकलं ते दरवर्षी कौलं परतणाऱ्या दोन माणसांमुळे टिकलं. वरून पत्र्याची शेड मारायचा सल्ला गावात चारजण देतील. न्हाणीघरावर मारा, मुख्य घरावर नको, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा ते पत्रे कुठल्या कुठे गेले ते रायगडवाल्यांना विचारा. आणि कृपा करून जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करू नका. जांभा पाणी पितो आणि उन्हात परत सोडतो, वरून सिमेंट थापलं की पाणी आत अडकतं, मग ओल वर चढते आणि दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगून पापडासारखं निघतं. चुना वापरा. चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधायला वेळ लागेल, तोपर्यंत भिंत उघडी राहिली तरी काही बिघडत नाही.

पैसे कुठून, तर कलमांतून. इथे मला तुमचं पत्र वाचून धस्स झालं, कारण सात वर्षं करारावर असलेली बाग म्हणजे काय हे मी मामाकडे बघितलंय. मामा मुंबईत, बाग पाच वर्षांच्या करारावर दिलेली, पैसे वेळेवर यायचे, सगळे खूश. सहाव्या वर्षी आम्ही गेलो तर लांबून झाडं हिरवीगार, आणि जवळ जाऊन फांदी हातात घेतली तर पालवी बोटभर, पानं एकाच ठिकाणी झुबका केल्यासारखी दाटलेली, आणि वरचे शेंडे सुकलेले. त्या माणसाने दर पावसाळ्यात मुळाशी कल्टार ओतलं होतं, मापाबिपाने नाही, बाटलीने. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, ते झाडाची वाढ दाबतं म्हणून मोहोर लवकर आणि हमखास येतो, औषध वाईट नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचीच शिफारस आहे, पण झाडाच्या घेराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्याच्या जोडीला शेणखत आणि खतं भरपूर. करारवाल्याला खताशी काय देणं? त्याला पाच वर्षांचे आंबे हवेत, सहाव्या वर्षीचं झाड तुमचं. मामाच्या बागेतली काही कलमं मग छाटणी करून, शेणखत घालून तीन वर्षांनी रुळावर आली, काही गेलीच.

म्हणून उद्याच बागेत जा, दहा-बारा झाडांची पालवी हातात घेऊन बघा. बोटभर असेल तर करार पुढे वाढवायचा नाही, मुदत संपली की बाग हातात घ्या आणि दोन वर्षं कल्टार बंद. वीतभर असेल तर करारवाला बरा माणूस आहे, त्याच्याशी नवीन करार करा पण लेखी, कल्टारचा डोस लिहून, झाडामागे शेणखत किती ते लिहून, आणि ॲडव्हान्स एप्रिलमध्ये मागा म्हणजे मेमध्ये छपराला पैसा हातात. नऊ एकरात साडेतीनशेच्या आसपास कलमं असतील. सगळी एकदम हातात घ्यायची हिंमत नसेल तर घराजवळची पन्नास ठेवा, बाकीची करारावर. त्या पन्नासची पेटी स्वतःच्या नावाने ठाण्यातल्या जुन्या सोसायटीत विका, तुमच्या ओळखी आहेत तिकडे. हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि त्यात आपला रत्नागिरी जिल्हा आहे, तर नोंदणी करून घ्या, कर्नाटकी आंबा ‘देवगड’ म्हणून खपवणाऱ्यांच्या गर्दीत तो शिक्का आणि तुमच्या ओटीचा फोटो दोन्ही कामाला येतात. माकडांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत म्हणजे एव्हाना सवय झाली असावी. उपाय म्हणजे माणूस आणि कुत्रा, आणि थोडं नशीब.

आगराबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. एवढंच की तीन एकरात नुसते माड-पोफळी ठेवू नका, मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, पोफळीवर मिरी चढवा, विद्यापीठाचं भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र ‘लाखी बाग’ म्हणून हेच शिकवतं, रत्नागिरीला गेलात की अर्धा दिवस तिथे जा आणि जायफळाची कलमंच घ्या, बियांची रोपं नको, त्यात नर झाड निघालं की सात-आठ वर्षं पाणी घालून हाती काही नाही. वादळात पोफळ आधी जाते आणि नवीन लावलेली धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे रायगड-दापोलीवाल्यांनी भोगलंय, तेव्हा सगळा भार एका पिकावर नको. फळबाग लावायची असेल तर भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणात १० हेक्टरपर्यंत अनुदान मिळतं, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, पण त्यालाही सातबारा स्वच्छ लागतो. आलो परत कागदावर.

चुलत भावाचा सडा. सातबाऱ्यावर तो ‘पोटखराब’ लिहिलेला असतो ना, त्या एका शब्दाने आपल्या डोक्यात बसलंय की ती वाया गेलेली जमीन. तुम्ही ऑक्टोबर ते मे बघितला असाल तर काळा तवा दिसला असेल. जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर सकाळी चपला काढून जा. कातळाच्या फटीत जिथे मूठभर माती साठलीये तिथून पांढरी दीपकाडी वर आलेली दिसेल, ही जात जगात फक्त आपल्या कोकणपट्टीतच आहे, आणि पुढे श्रावणात जांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद, पाय ठेवायला जागा नसते. ते एक. दुसरं, जांभा सच्छिद्र असतो, सड्यावर पडलेला पाऊस आत मुरतो आणि खाली उतारावर झऱ्याने नाहीतर विहिरीत बाहेर पडतो. तुमच्या आगराचं शिपणं ज्या विहिरीवर चालतं ती सड्याच्या पायथ्याशीच असणार, खात्री करून घ्या, आणि भावाला तिथे नेऊन सांगा की वर सुरुंग लावलास आणि खालची विहीर फेब्रुवारीत आटली तर तुझ्या नवीन कलमांना टँकर कुठून आणणार. पाच-सहा वर्षं टँकर, ट्रकने माती, खड्डा फोडणं, हा खर्च त्याने एका कागदावर मांडून दाखवावा, बहुतेक मांडता मांडताच गप्प बसेल.

आणि तिसरं म्हणजे कातळशिल्पं. तुमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, कशेळी, सगळीकडे सापडलीत, कशेळीचा तो हत्ती बघितला नसेल तर आधी बघून या, त्या एका हत्तीच्या पोटात बाकीचे कितीतरी प्राणी कोरलेत. कोकणातली काही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. लोक वर्षानुवर्षं त्याच्यावरून गुरं नेत होते आणि ‘पांडवांची चित्रं’ म्हणत होते. एखाद्या दिवशी सूर्य कलताना, उन्हं तिरपी असताना बारा एकर फिरा, तेव्हाच रेषा दिसतात, भर दुपारी काही दिसत नाही. गुराख्याला सोबत घ्या, त्याला माहीत असतं. काही दिसलं तर फोटो काढून रत्नागिरीत यावर काम करणारे अभ्यासक आहेत त्यांना दाखवा, आणि भावाला जेसीबी बोलवायच्या आधी दाखवा.

राई. तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीत जी मी वर छापली नाही, की फेब्रुवारीत पऱ्याच्या बाजूला ‘गरुड’ येतात आणि उडताना इंजिनासारखा आवाज होतो. ताई, तो आपला कोकणातला गरुड म्हणजे पुस्तकातला धनेश, आणि तो आवाज येतोय याचा अर्थ तुमच्या राईत ढोली असलेलं म्हातारं झाड आहे किंवा आसपास आहे. मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर काही महिने बाहेरून फळं भरवतो. ढोली पडायला झाडाचं वय लागतं, लाकूडवाला ज्याला ‘पोकळ माल’ म्हणून भाव पाडतो तेच झाड. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने खाजगी राईवाल्यांशी न तोडण्याचे करार केलेत, मोबदला देऊन, आणि बेहड्या-हिरड्याची फळं गोळा करून फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासकट (रानाला धक्का न लावता माल गोळा केल्याचं प्रमाणपत्र) विकली, म्हणजे झाड उभं ठेवूनही त्यातून पैसा येतो. त्यांना लिहा, देवरुखच्या सह्याद्री संकल्प सोसायटीला लिहा, ते धनेशावरच काम करतात. पैसा मोठा नसेल. पण १७ जणांच्या बैठकीत ‘बाहेरचे लोक या राईसाठी करार करायला तयार आहेत’ हे वाक्य फार उपयोगी पडतं, घरातल्या बाईने सांगितलेलं कुणी ऐकत नाही ते संस्थेच्या लेटरहेडवर ऐकतात.

भाच्याला सांगा की इथे त्याचं बरोबर आहे, राईला खरंच काही करायचं नाही. ससेक्समध्ये रान परत आणायला गाई-डुकरं सोडावी लागली, आपल्याकडे वणवा आणि कुऱ्हाड थांबवली की रान आपोआप येतं, एका पावसात माणूसभर. फक्त वणव्याचं बघा. सड्यावरचं गवत डिसेंबर-जानेवारीत वाळतं, तेव्हाच राई आणि सडा यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची जाळरेषा साफ करून घ्या, कलमांभोवतीही. मार्चमध्ये कुणाची विडी पडेल सांगता येत नाही. भाचा सुट्टीवर आला की त्याच्याच हातात कोयती द्या.

पाहुणे ठेवायचे का हे तुम्ही शेवटी ताजा कलम टाकून विचारलंय. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, नोंदणी होते, पण छप्पर आणि संडास झाल्याशिवाय नको, आणि दोन खोल्यांपेक्षा जास्त नको. माजघरात एसी लावाल तर मला परत पत्र पाठवू नका.

आणि आता ते ‘गावातले लोक पूर्वीसारखे हाकेला येत नाहीत’. हे वाचून मी थोडी थांबले. तुमच्या घराचं वर्णन, जमीन, गावातलं स्थान बघता ते खोताचं, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्याचं घर असावं. पूर्वी लोक हाकेला येत होते ते प्रेमाने येत होते असं आपल्याला आपल्या ओटीवरून वाटायचं, खाली अंगणात उभं राहणाऱ्याला ती वेठ होती. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल आणलं ते उगाच नाही, तिकडे अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, सहा वर्षं शेतं पिकवली नाहीत. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. ज्यांना तुम्ही हाक मारताय त्यांच्या आजोबांची ही गोष्ट आहे आणि ती त्यांच्या घरात सांगितली जाते, तुमच्या घरात नसेल सांगितली जात. याचा अर्थ तुम्ही वाईट असा नाही हो, तुम्ही तर तेव्हा जन्मलाही नव्हता. पण हाक मारू नका, जाऊन विचारा. जो रोज चाललाय तो द्या, वर चहा द्या आणि कप एकाच रॅकमधला द्या. राईतून जाणारी पायवाट त्यांची वहिवाट आहे, कुंपण घालून बंद करू नका. वाळलेली फाटी नेऊ द्या, ओल्याला हात लावायचा नाही एवढंच सांगा, आणि राईत देव असेल तर त्याचा नारळ गावाच्या हातून, तुमच्या नाही. वणवा लागेल तेव्हा पहिले धावणारे तेच असतील, ठाण्याहून कुणी पोचणार नाही.

तर आत्ता या महिन्यात पाच वारसनोंदींचे अर्ज आणि कलमांची पालवी, एवढंच. मेमध्ये माळा आणि बैठक. लाकूडवाल्याचा परत फोन आला तर १७ जणांची नावं आणि पत्ते पाठवून द्या, म्हणावं सगळ्यांच्या सह्या घेऊन ये मग बोलू, त्यात दोघे दुबईला आहेत आणि एका आत्याला ऐकू येत नाही.

आणि माळ्यावर खडूचे गोल किती झाले ते मला कळवा.